काचेच्या टाकीतले ९६ तास

कारखान्याने नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी आपल्या देशात जी सर्वसाधारण मानके आहेत, ती पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत दिलेली आहेत. तो तक्ता वाचायला रूक्ष आहे. सामू ५.५ ते ९, जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलीग्रॅम, शिसे ०.१, पारा ०.०१. या आकड्यांच्या रांगेत एकच ओळ अशी आहे, की जिच्यात जिवंत प्राणी येतो. १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, असे ती ओळ सांगते.

ओळ साधी आहे आणि ऐकायला कडकही आहे. पाण्यात पाणी मिसळून विष सौम्य करायची सवलत नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातच मासे सोडायचे, चार दिवस थांबायचे आणि मोजायचे. निव्वळ सांडपाण्यात मासा जगला, तर नदीत मिसळल्यावर तो जगणारच, असे कोणालाही वाटेल. जनसुनावण्यांत, अहवालांत आणि वर्तमानपत्री खुलाशांत हा निकाल त्याच अर्थाने पुढे केला जातो. ‘आमच्या पाण्यात मासे जगतात’ या वाक्यापुढे सामान्य माणसाचा आवाज खाली येतो.

मी या विषयाचा पदवीधर नाही आणि कोणत्या प्रयोगशाळेत नोकरीही केलेली नाही. छापील मानके, शोधनिबंध आणि कागद-पेन्सिल एवढ्या साधनांवर गेली काही वर्षे मी या एका ओळीचा माग काढतो आहे. हा मासा टाकीत आला कुठून, टाकीत त्याचे नेमके काय होते, आणि तो जगला किंवा मेला यावरून काय म्हणण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो, हे तीन प्रश्न या लेखापुढे आहेत.

मरणाचे मोजमाप

विष किती तीव्र आहे हे मरणावरून मोजायचे, ही कल्पना औषधशास्त्रातून आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारख्या औषधांची ताकद प्राण्यांवर तपासली जाई. अडचण अशी होती, की प्रत्येक प्राण्याची सहनशक्ती निराळी असते. एक उंदीर ज्या मात्रेने मरतो, त्याच मात्रेने शेजारचा मरत नाही. मग ‘मारक मात्रा’ म्हणायची कोणती? जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये यावर तोडगा सुचवला. पहिला प्राणी कधी मरतो किंवा शेवटचा कधी मरतो हे विचारू नये, कारण टोकाचे प्राणी दर वेळी वेगळे निघतात. निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा शोधावी. मात्रा आणि मृत्यू यांचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो आणि मधोमध तो सर्वांत चढा असतो. तिथे मात्रेतला थोडा फरकही मृत्यूंच्या संख्येत ठळक दिसतो, म्हणून चूक कमी होते. ५० टक्के या आकड्यामागे एवढेच गणित आहे. ते सुरक्षिततेचे गणित नाही, मोजण्याच्या सोयीचे आहे.

माशाच्या बाबतीत मात्रा टोचली जात नाही; तो पाण्यातच राहतो आणि कल्ल्यांवाटे ते पाणी सतत अंगावर घेतो. म्हणून मात्रेऐवजी पाण्यातले प्रमाण मोजतात. निम्मे मासे मारणाऱ्या प्रमाणाला एलसी-५० म्हणतात. अमेरिकेत डूडोरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये औद्योगिक सांडपाण्यासाठी माशांच्या चाचणीची रीत लिहून काढली. पुढे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९८१ मध्ये २०३ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. रसायनांच्या माशांवरील तत्काळ विषारीपणाची चाचणी आज जगभर बहुतेक ठिकाणी याच मार्गदर्शिकेने होते. तिची शेवटची मोठी सुधारणा २०१९ ची आहे.

टाकीत काय होते

रीत अशी. एकाच जातीचे, साधारण एकाच आकाराचे निरोगी मासे निवडायचे आणि त्यांना आधी प्रयोगशाळेच्या पाण्याची सवय होऊ द्यायची. चाचणीच्या आधी एक दिवस आणि चाचणी चालू असताना त्यांना खाऊ घालायचे नाही. रसायनाची किमान पाच प्रमाणे चढत्या भाजणीने तयार करायची. एका पायरीपासून दुसरी २.२ पटींहून अधिक दूर नको. प्रत्येक टाकीत किमान सात मासे. शिवाय एक टाकी निव्वळ स्वच्छ पाण्याची, तुलनेसाठी. त्या स्वच्छ टाकीतच १० टक्क्यांहून जास्त मासे मेले, तर सगळी चाचणी बाद, कारण मग मासे मुळातच आजारी होते किंवा हाताळणी वाईट होती. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपृक्त पातळीच्या ६० टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही. मग २४, ४८, ७२ आणि ९६ तासांना मेलेले मासे मोजायचे. कल्ल्यांची हालचाल थांबली आणि शेपटीला स्पर्श करूनही मासा हलला नाही, तर तो मेला असे धरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लिटरला १, २, ४, ८ आणि १६ मिलीग्रॅम अशा पाच टाक्या, प्रत्येकीत दहा मासे. चार दिवसांनी अनुक्रमे ०, १, ४, ८ आणि १० मासे मेले. निम्म्याची रेषा ४ आणि ८ यांच्या मध्ये पडते. घातमापनाच्या कागदावर ती ४.८ च्या जवळ येते. अहवालात लिहिले जाईल: एलसी-५० लिटरला ४.८ मिलीग्रॅम. रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात १ मिलीग्रॅमपर्यंतचे पदार्थ पहिल्या, सर्वांत घातक गटात येतात. १ ते १० दुसऱ्या आणि १० ते १०० तिसऱ्या गटात. आपले काल्पनिक रसायन दुसऱ्या गटात बसले.

आता त्याच तक्त्याकडे पुन्हा पाहावे. २ मिलीग्रॅमच्या टाकीत, म्हणजे एलसी-५० च्या निम्म्याहूनही कमी प्रमाणात, दहातला एक मासा मेलाच आहे. ४.८ हा आकडा म्हणजे ‘इथपर्यंत चालेल’ अशी लक्ष्मणरेषा नव्हे. त्या प्रमाणात निम्मे मासे मेलेले आहेत. तरीही एलसी-५० हा शब्द सुरक्षित मर्यादेच्या अर्थाने वापरलेला मी अनेक कागदांत वाचला आहे.

दहा माशांचे गणित

सांडपाण्याच्या चाचणीत एलसी-५० काढत बसायचे नसते. ९० टक्के जगले का, एवढेच पाहायचे असते. ही ९० ची अट कुठून आली असावी, हे वरच्या वर्णनावरून कळते. स्वच्छ पाण्यातही १० टक्के मरण माफ आहे. मग सांडपाण्याला त्याहून कडक अट लावता येणार नाही. तत्त्व म्हणून हे रास्त आहे.

प्रश्न माशांच्या संख्येचा आहे. समजा, एखादे सांडपाणी असे आहे की ते पाचांपैकी एका माशाला मारते. म्हणजे खरे जगणे ८० टक्के. हे पाणी नापास व्हायलाच हवे. पण टाकीत मासे दहाच असले, तर त्यांच्यातला एकही मरणार नाही किंवा एकच मरेल, याची शक्यता किती? संभाव्यतेच्या शालेय सूत्राने ती जवळजवळ ३८ टक्के येते. म्हणजे असे पाणी दहांपैकी साधारण चार वेळा चाचणीत पास होईल. मासे वीस घेतले आणि दोन मृत्यूंपर्यंत सूट ठेवली, तर ती शक्यता २१ टक्क्यांवर येते. उलट बाजूही आहे. एखादे पाणी बरोबर मर्यादेवर, म्हणजे दहातला एकच मासा मारणारे असेल, तर दहा माशांच्या टाकीत ते केवळ योगायोगाने सुमारे २६ टक्के वेळा नापास होईल. अन्याय दोन्हीकडे होऊ शकतो.

यात कोणाची लबाडी गृहीत धरलेली नाही. थोड्या माशांवर मोठा निकाल टेकवला की असे होते. म्हणून अहवालात ‘९० टक्के जिवंत’ एवढेच लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याने आधी विचारावे: कितीपैकी?

एका प्रकल्पाच्या विस्तारासाठी जनसुनावणी होती, तिचा मसुदा अहवाल मी वाचला होता. सातशेच्या आसपास पाने, त्यांतली माशांच्या चाचणीची ओळ एक, आणि त्या ओळीपुढे शब्दही एकच: ‘अनुरूप’. मासे किती, जात कोणती, पाण्याचा नमुना कोणत्या दिवशीचा, यांपैकी काही नव्हते. त्या शब्दाच्या आधारावर नदीकाठच्या तीन गावांनी काय समजायचे?

कोणते पाणी

मासा विषाने मरतो, पण ते विष किती जहाल ठरेल हे पाणी ठरवते. अमोनिया हे याचे चांगले उदाहरण आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित रूप, जे माशाला फारसे बाधत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो. दोन्हींचे परस्परप्रमाण सामूवर आणि तापमानावर ठरते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी मुक्त भाग अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या पुढे जातो आणि ९ ला ३५ टक्क्यांहून अधिक होतो.

लिटरला २० मिलीग्रॅम अमोनियाजन्य नायट्रोजन असलेले पाणी घ्या. आपली मानके ५० पर्यंत परवानगी देतात, तेव्हा हे पाणी कायद्याच्या आतले आहे. सामू ७ ला त्यात मुक्त रूप ०.१ मिलीग्रॅमच्या आसपास, मासे जगतील. सामू ८ ला १.१. सामू ९ ला ७ हून अधिक, आणि त्या प्रमाणात मासे टिकणे कठीण. पाणी तेच, रसायन तेच, एकूण आकडाही तोच. आता नदीचा विचार करा. हिरव्या शेवाळाने भरलेल्या, संथ झालेल्या उन्हाळी नदीत दुपारी प्रकाशसंश्लेषण जोरात असते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू चढतो. ९ पर्यंतही जातो. टाकीतल्या सामू ७ च्या पाण्यात जगलेला मासा नदीतल्या दुपारबद्दल काहीच सांगत नाही.

तांब्यासारख्या धातूंचे उलटे आहे. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असेल, तर ते माशाचे काही अंशी रक्षण करते; हलक्या पाण्यात तेच तांबे जास्त मारते. काळ्या कातळावरून पावसाळ्यात धावणारा ओढा आणि उन्हाळ्यातले विहिरीचे पाणी या दोहोंत तांब्याचा एकच आकडा एकसारखा वागत नाही.

आणि ऑक्सिजन. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी राहणाऱ्यांना एक दृश्य परिचयाचे आहे: पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत असतात आणि दिवस वर येईपर्यंत काठाला मेलेल्या माशांचा थर लागतो. यातले पुष्कळ मृत्यू थेट विषाने होत नाहीत, गुदमरून होतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे तांबूसकाळे सांडपाणी उरते, त्याची जैविक ऑक्सिजन मागणी प्रक्रियेआधी लिटरला ४० हजार मिलीग्रॅमच्या घरात किंवा त्याहूनही वर असते. असे पाणी नदीत गेले की ते कुजवणारे जिवाणू नदीतला ऑक्सिजन संपवतात. आता चाचणीची अट आठवावी: टाकीत ऑक्सिजन ६० टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही, लागल्यास हवा सोडायची. ही अट शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे, कारण चाचणीला रसायनाचा विषारीपणा वेगळा काढायचा आहे. पण परिणाम असा होतो, की आपल्या नद्यांत मासे मरण्याचे जे एक मोठे कारण, तेच टाकीतून आधी बाजूला काढलेले असते. त्यासाठी तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीकडे, जैविक ऑक्सिजन मागणीकडे, पाहावे लागते. माशांची ओळ तिची जागा घेऊ शकत नाही.

कोणता मासा

ओईसीडीच्या चाचणीत वापरता येणाऱ्या माशांत झेब्राफिश, फॅटहेड मिनो, कॉमन कार्प, जपानी मेडाका, गप्पी, ब्लूगिल, रेनबो ट्राउट ही नावे आहेत. यांतला झेब्राफिश आपल्याकडचाच. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या बोटाच्या पेराएवढ्या, निळ्या पट्ट्यांच्या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. ओढे, डबकी, भातखाचरे यांत राहणारा हा मासा शौकिनांच्या काचपेट्यांतून जगभर गेला आणि पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या कामामुळे प्रयोगशाळेचा मासा झाला. सांडपाण्याच्या चाचणीसाठी आपले जे भारतीय मानक आहे, क्रमांक ६५८२, त्याच्या दुसऱ्या भागातही हाच मासा आहे. तो चिवट आहे, लवकर वाढतो, वर्षभर अंडी देतो. प्रयोगशाळेला असाच मासा सोयीचा. परंतु सोयीचा मासा सगळ्या माशांचा वकील होऊ शकतो का?

याचे आजवरचे सर्वांत लखलखीत उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाकडून, वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटल शहरातून आले. तिथल्या ओढ्यांत कोहो नावाचा साल्मन मासा समुद्रातून अंडी घालायला येतो. शहराने विसाव्या शतकाच्या अखेरीस खराब झालेले ओढे दुरुस्त करायला घेतले. अडथळे काढले, काठांवर झाडे लावली. मासे परतही आले. पण शरद ऋतूतल्या पावसानंतर ते विचित्र वागू लागले. पृष्ठभागावर तोंड वासून भरकटायचे, तोल जाऊन कुशीवर पडायचे आणि काही तासांत मरायचे. मेलेल्या माद्यांच्या पोटात अंडी तशीच असायची. लाँगफेलो नावाच्या ओढ्यात तर बहुतेक वर्षी आलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त, काही वर्षी जवळजवळ सगळ्या, अंडी न घालताच मेल्या.

शोध सुरू झाला. तापमान, ऑक्सिजन, रोग, कीटकनाशके यांपैकी कशानेही उलगडा होईना. हमरस्त्यावरून वाहून आलेले पावसाचे पाणी टाकीत घेतले, तर कोहो मरत. रस्त्याच्या पाण्यात सापडतात तेच धातू आणि तेलातली संयुगे मिसळून नकली मिश्रण केले, तर मात्र ते मरत नसत. म्हणजे मारेकरी ओळखीच्या यादीत नव्हता. त्याच रस्त्याच्या पाण्यात चम नावाचा दुसरा साल्मन सोडला, तर तो खुशाल पोहत राही. कोहो आणि चम एकाच प्रजातीतले, अगदी सख्ख्या चुलतभावांसारखे.

वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी मग टायरच्या भुग्याकडे मोर्चा वळवला. भुगा भिजवलेल्या पाण्याने कोहो मरत. त्या पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायने होती. पाण्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग माशांवर तपासायचा, मारक भाग घेऊन त्याचे पुन्हा भाग पाडायचे. अशा गाळणीतून शेवटी एकच संयुग उरले: कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू. हे सूत्र टायरमध्ये घातल्या जाणाऱ्या कोणत्याच रसायनाशी जुळेना. मग लक्षात आले, की टायरमध्ये ६-पीपीडी नावाचे एक रसायन असते, त्यात कार्बन आणि नायट्रोजनचे अणू बरोबर तेवढेच आहेत. हवेतला ओझोन रबराला भेगा पाडतो. ६-पीपीडी स्वतः ओझोन अंगावर घेऊन रबर वाचवते. असे करताना त्याचे दोन हायड्रोजन जातात, दोन ऑक्सिजन येतात आणि जे तयार होते ते ६-पीपीडी-क्विनोन. हाच तो मारेकरी. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. ६-पीपीडी तर १९६० च्या दशकापासून जगभरच्या टायरांत आहे.

कोहोसाठी या क्विनोनचे एलसी-५० आधी लिटरला ०.७९ मायक्रोग्रॅम ठरवले गेले. सुमारे वर्षभराने शुद्ध प्रमाणित नमुना उपलब्ध झाल्यावर त्याच संशोधकांनी मोजणी पुन्हा केली आणि आकडा ०.०९५ मायक्रोग्रॅमवर आला, म्हणजे आठपट घातक. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणायचे तर असे: १० हजार लिटरचे २५० टँकर भरले आणि सगळ्यांत मिळून पाव ग्रॅम क्विनोन टाकले, तर त्या पाण्यात निम्मे कोहो मरतील.

या कथेतला पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. शोध जाहीर झाल्यावर इतर माशांवर चाचण्या झाल्या. जपानमध्ये झेब्राफिश आणि मेडाका तपासले. पाण्यात विरघळेल तेवढे क्विनोन घालूनही ते मेले नाहीत. कॅनडातल्या संशोधकांना ब्रूक ट्राउटचे एलसी-५० ०.५९, तर रेनबो ट्राउटचे १ मायक्रोग्रॅम मिळाले; पण ब्रूक ट्राउटच्याच प्रजातीतला आर्क्टिक चार मेला नाही. म्हणजे एखाद्या प्रयोगशाळेने हे क्विनोन मार्गदर्शिकेप्रमाणे, एकही नियम न मोडता झेब्राफिशवर तपासले असते, तर अहवाल आला असता: माशांना तत्काळ धोका नाही. अहवाल खरा असता, आणि लाँगफेलोच्या ओढ्यातल्या माद्या तरीही मेल्या असत्या.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. परवाना, नोंदणी, चाचणी हे सगळे मूळ रसायनाचे होते. कोहोला जे मारत होते ते कारखान्यात कोणी बनवलेच नव्हते. ते रस्त्यावर, हवेत तयार झाले. टाकीत आपण जे घालतो त्याचीच चाचणी होते, त्याचे पुढे जे होते त्याची नाही.

सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि पश्चिम घाटातून निघणाऱ्या नद्यांत माशांच्या कितीतरी जाती अशा आहेत, की त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. झेब्राफिशच्या किंवा गप्पीच्या निकालावर त्यांना निर्धास्त करणे म्हणजे चमच्या निकालावर कोहोला निर्धास्त करण्यासारखे आहे.

मेला नाही, पुढे काय?

चार दिवसांत न मरणे आणि जगणे यांत अंतर आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली सरोवरे आहेत. त्यांतल्या २६० क्रमांकाच्या सरोवरात २००१ ते २००३ या तीन वर्षांत गर्भनिरोधक गोळीतले संप्रेरक मुद्दाम मिसळण्यात आले, लिटरला ५-६ नॅनोग्रॅम एवढेच. माशांना तत्काळ मारायला हे संप्रेरक मिलीग्रॅमच्या पातळीवर लागते, म्हणजे लाखोपटीने जास्त. सरोवरातले मासे पटापट मेले नाहीत. नरांच्या शरीरात अंड्यातल्या पिवळ्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, प्रजनन बिघडले आणि फॅटहेड मिनोची संख्या जवळजवळ शून्यावर आली. ९६ तासांच्या चाचणीत हे पाणी निःसंशय उत्तीर्ण झाले असते.

ही चाचणी वापरणाऱ्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे. म्हणूनच युरोपातल्या रसायन कायद्यात एक शिरस्ता आहे. मासा, पाणपिसू आणि शेवाळ या तिघांवरचे फक्त तत्काळ निकाल हाती असतील, तर त्यांतला सर्वांत लहान आकडा घेऊन त्याला १००० ने भागायचे आणि मग ‘बहुधा अपाय न करणारे प्रमाण’ ठरवायचे. आपल्या काल्पनिक रसायनाचा ४.८ हा आकडाच तिघांत लहान असेल, तर भागाकार ०.००४८ मिलीग्रॅम येतो. तो १००० हा भाजक म्हणजे टाकीला जे दिसत नाही त्याची शास्त्राने दिलेली लेखी कबुली आहे. आपल्या अहवालांत एलसी-५० येतो, भाजक येत नाही.

मग चाचणी टाकून द्यावी?

मुळीच नाही. रासायनिक तक्ता फक्त ज्यांची नावे माहीत आहेत अशाच विषांना पकडतो. सांडपाण्यात शेकडो संयुगे एकत्र असतात, आणि नाव-गाव नसलेल्या मिश्रणाला ‘हे मारते’ असे म्हणू शकणारा साक्षीदार जिवंत प्राणीच असतो. सिॲटलमध्येही गुन्हेगार सापडला तो माशांच्याच साक्षीने. रसायनशास्त्राच्या यादीत त्याचे नाव नव्हते. चाचणीत मासे मेले, तर तो पुरावा भक्कम आहे. मासे जगले, तर पुरावा एवढाच, की या जातीचे, इतके मासे, या पाण्यात चार दिवस मेले नाहीत. मरणाची साक्ष आणि जगण्याची साक्ष यांचे वजन सारखे नसते, हा या सगळ्या वाचनातून मला दिसलेला मुख्य मुद्दा आहे.

मासे मारून मोजण्याला पर्यायही उभे राहत आहेत. जर्मनीने सांडपाण्याच्या चाचणीत २००५ पासून मोठ्या माशांऐवजी झेब्राफिशची अंडी घेतली. अंड्यांवरच्या चाचणीला ओईसीडीने २०१३ मध्ये आणि रेनबो ट्राउटच्या कल्ल्यांतल्या पेशींवरच्या चाचणीला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यांत प्राण्यांचे हाल टळतात आणि नमुने जास्त संख्येने तपासता येतात. पण कोणती जात, कोणते पाणी, किती काळ हे प्रश्न तिथेही तसेच राहतात.

आपल्याला करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत, जिल्हा उद्योग केंद्रात वाचायला ठेवावा लागतो. तो उघडावा आणि माशांच्या ओळीपुढे लेखी विचारावे: मासा कोणता होता? किती होते, आणि तुलनेच्या टाकीत किती मेले? पाण्याचा सामू, तापमान आणि जडपणा किती होता, आणि आमच्या नदीचा उन्हाळ्यात किती असतो? नमुना कोणत्या पाळीचा, कोणत्या उत्पादनाच्या दिवशीचा? मेले नाहीत त्यांचे वागणे कसे होते; ते तोल सोडत होते का, वर येऊन हवा गिळत होते का? २०१९ च्या मार्गदर्शिकेत ही लक्षणे नोंदवायचीच आहेत, तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

सिॲटलच्या संशोधकांनी जाता जाता आणखी एक प्रयोग केला होता. कोहोला मारणारे रस्त्याचे पाणी त्यांनी वाळू आणि कंपोस्ट खताच्या थरातून झिरपवले आणि त्यात मासे सोडले. ते जगले. मारेकऱ्याचे नाव कळायच्या चार वर्षे आधीच, २०१६ मध्ये, हा निकाल प्रसिद्ध झाला होता. आज त्या भागात रस्त्याकडेला असे मातीचे गाळणखड्डे करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने टायरमधल्या ६-पीपीडीवर नियम करण्याची मागणी २०२३ मध्ये स्वीकारली. ती मागणी केली होती युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि पुयालप या तीन आदिवासी समाजांनी. साल्मन हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे, आणि ओढ्यात कोणता मासा मरतो आहे हे त्यांना विचारायला लागत नव्हते.